उंच इमारतीतील उभी जलवाहिनी : कायदा, जबाबदारी आणि दक्षता

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली आणि त्यातील दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट झाला. ती आग विझविण्यासाठी धावून गेलेले अग्निशमन दलाचे ६६ अधिकारी व जवान कर्तव्य बजावीत असता मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मृतीस या सप्ताहात सर्वत्र अभिवादन केले जाते. परंतु हे अभिवादन सार्थ व्हावयाचे, तर आज जो जवान परक्याच्या घराची आग विझविण्यासाठी जिना चढतो, त्याच्या हाती वेळेवर पाणी पोहोचेल याची तजवीज समाजाने आधीच करून ठेवली पाहिजे. या तजविजीतील एका साध्या परंतु दुर्लक्षित घटकाचा विचार आज करावयाचा आहे. तो घटक म्हणजे इमारतीच्या जिन्यालगत तळापासून गच्चीपर्यंत गेलेली, तांबड्या रंगाची उभी जलवाहिनी.

उंची आणि पाणी

पाणी आपोआप वर चढत नाही, हे विहिरीवरून पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पाणी १० मीटर उंच चढवावयाचे, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम इतका दाब खर्ची पडतो. विसाव्या मजल्याची उंची सर्वसाधारणपणे ६० मीटर धरली, तर केवळ तेथवर पाणी नेण्यातच सुमारे ६ किलोग्रॅम दाब संपतो. होजमधील घर्षणाने आणखी दाब घटतो. मग पाण्याची धार जोमाने आगीवर पडावी यासाठी नोझलपाशी दाब उरावयास हवा, तो वेगळाच.

दुसरी अडचण वजनाची. अग्निशमन दलाच्या नेहमीच्या ६३ मिलिमीटर व्यासाच्या होजमध्ये प्रत्येक मीटरला सुमारे ३ लिटर पाणी मावते. जिन्याच्या वळणांचा विचार सोडला, तरी ६० मीटर लांबीचा पाण्याने भरलेला होज म्हणजे निव्वळ पाण्याचेच १८० किलोहून अधिक वजन झाले. धुराने भरलेल्या जिन्यातून, वरून उतरणाऱ्या रहिवाशांना वाट देत, पाठीवर श्वसनयंत्र घेऊन चढणाऱ्या जवानांनी हा भार वर न्यावा, अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

अनेकांची समजूत असते की, अग्निशमन दलाच्या उंच शिड्यांनी हा प्रश्न सुटला आहे. मोठ्या शहरांच्या दलांकडे उंच पोहोचणारी शिडीची वाहने आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु असे अवजड वाहन उभे करण्यास इमारतीलगत पुरेशी मोकळी व भक्कम जागा लागते. अरुंद गल्ली, वाटेत उभ्या केलेल्या मोटारी, डोक्यावरील तारा आणि आवारातील मांडव यांपुढे शिडीचा इलाज चालत नाही. शिवाय, शिडीवरून पाणी खिडकीपर्यंत पोहोचते. इमारतीच्या अंतर्भागात, मधल्या बोळात किंवा मागच्या खोलीत धुमसणाऱ्या आगीपर्यंत ते पोहोचेलच असे नाही. यास्तव उंच इमारतीची आग मुख्यतः आतूनच विझवावी लागते आणि त्यासाठी पाणीही इमारतीतच, प्रत्येक मजल्यावर, हाताशी असावे लागते. उभ्या जलवाहिनीचे प्रयोजन हेच आहे.

वाहिनीचे प्रकार

या वाहिनीचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पहिला प्रकार सदैव भरलेल्या वाहिनीचा. त्यास अभियंते 'वेट रायझर' म्हणतात. तळघरातील किंवा जमिनीखालील राखीव टाकीतून पंपाच्या साहाय्याने या वाहिनीत रात्रंदिवस दाबाखाली पाणी राखलेले असते. बारीकसारीक गळतीमुळे दाब कमी झाल्यास एक लहान पंप तो पूर्ववत करतो. मजल्यावरील झडप उघडून दाब एकदम उतरला की मुख्य पंप सुरू होतो. वीज खंडित झाल्यास डिझेलवर चालणारा पर्यायी पंप अशा ठिकाणी असावा लागतो.

दुसरा प्रकार 'डाउन कमर' म्हणजे वरून खाली उतरणाऱ्या वाहिनीचा. यात पाण्याचा साठा गच्चीवरील टाकीत असतो. खालच्या मजल्यांना उंचीमुळे नैसर्गिक दाब मिळतो; परंतु टाकीच्या लगतच्या वरच्या मजल्यांना तो मिळत नाही, म्हणून गच्चीवर पंप बसवावा लागतो. तिसरा प्रकार 'ड्राय रायझर' म्हणजे कोरड्या वाहिनीचा. ही वाहिनी एरवी रिकामी असते. अग्निशमन दलाचा बंब आल्यावर तळमजल्यावरील जोडणीतून तीत पाणी सोडले जाते. कोरडी वाहिनी अर्थातच कमी उंचीच्या इमारतींपुरती उपयोगी आहे, कारण बंब येईपर्यंत रहिवाशांच्या हाती तिच्यातून पाण्याचा थेंबही येत नाही.

प्रत्येक मजल्यावर या वाहिनीला ६३ मिलिमीटर तोंडाची झडप असते. तिला 'लँडिंग व्हॉल्व्ह' असे नाव आहे. जवळच्या काचेच्या दाराच्या पेटीत होजच्या गुंडाळ्या आणि नोझल ठेवलेले असते. याखेरीज बारीक रबरी नळीचे एक रीळ असते. झडपेला होज जोडून तो हाताळणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे, कारण दाबाखालील होज अननुभवी माणसाच्या हातून निसटतो. रिळाची नळी मात्र घरातील कोणीही प्रौढ व्यक्ती, आग लहान असताना, वापरू शकते.

नव्या इमारतींसाठी नियम

राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि पुढे १९८३, २००५ व २०१६ मध्ये तीत सुधारणा झाल्या. तिच्या चौथ्या भागात आगीपासून बचाव आणि जीवसुरक्षा यांचे निकष दिलेले आहेत. १५ मीटर आणि त्याहून अधिक उंचीची इमारत ही संहिता उंच इमारत मानते. इमारतीची उंची, तिचा वापर आणि मजल्याचे क्षेत्रफळ यांनुसार कोणत्या प्रकारची वाहिनी, किती क्षमतेचा पंप आणि किती पाण्याचा राखीव साठा हवा, हे संहितेतील कोष्टकात नमूद आहे. रुग्णालय, उपाहारगृहे, सभागृहे, दुकाने आणि निवासी सदनिका यांच्या गरजा वेगवेगळ्या असल्यामुळे निकषही वेगवेगळे आहेत. सर्वांत वरच्या झडपेपाशीही दर चौरस सेंटिमीटरला ३.५ किलोग्रॅम दाब मिळावा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

साठ्याचे महत्त्व एका हिशेबावरून ध्यानात येईल. मिनिटाला २,२८० लिटर पाणी देणारा पंप उंच इमारतींत सामान्यतः बसविला जातो. तो पूर्ण क्षमतेने चालला, तर १ लाख लिटरची टाकी सुमारे ४४ मिनिटांत रिकामी होते. टाकी अर्धीच भरलेली असेल, तर हा अवधी २२ मिनिटांवर येतो. आगीच्या वेळी ही २२ मिनिटे कोणाच्या तरी प्राणाचे मोल ठरवितात.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा राज्यात ६ डिसेंबर २००८ पासून अंमलात आला. या कायद्याने राष्ट्रीय इमारत संहितेच्या निकषांचे पालन करण्याची जबाबदारी विकासक, मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. या उपाययोजनांची पूर्तता झाल्याबद्दल खात्री पटल्याखेरीज सक्षम प्राधिकाऱ्याने इमारत पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देऊ नये, असेही त्यात सांगितले आहे. मंजुरीच्या टप्प्यावर असलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची होय. भिंती उभ्या राहिल्यावर वाहिनीसाठी जागा शोधणे अवघड जाते. नकाशावर एक रेघ वाढविणे सोपे असते.

जुन्या इमारतींचा प्रश्न

खरी कसोटी लागते ती उभ्या असलेल्या इमारतींच्या बाबतीत. ही इमारत नियम होण्यापूर्वीची, मग तिला हा नियम कसा लागू, असा प्रश्न सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभांत हमखास विचारला जातो. आग इमारतीचे वय विचारीत नाही, हे त्याचे व्यवहारी उत्तर झाले. कायद्याचे उत्तर असे की, मालक व भोगवटादार यांचे कर्तव्य इमारत बांधून झाल्याच्या दिवशी संपत नाही. मुख्य अग्निशमन अधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी इमारतीची तपासणी करू शकतो आणि उणिवा दूर करण्याची नोटीस बजावू शकतो. जीविताला निकडीचा धोका दिसल्यास इमारत रिकामी करविण्याचे, तसेच वीज व पाणीपुरवठा खंडित करविण्याचे अधिकारही कायद्याने दिले आहेत. कायद्याचा भंग करणाऱ्यास कारावास आणि दंड अशा शिक्षेची तरतूद आहे.

तथापि जुन्या इमारतींच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या समजून घेतल्याखेरीज नुसत्या नोटिशीने काम भागत नाही. गच्चीवर २५,००० लिटरची टाकी बांधावयाची म्हणजे २५ टन पाण्याचा भार, टाकीच्या स्वतःच्या वजनासह, जुन्या खांबांवर टाकावयाचा. संरचना अभियंत्याच्या सल्ल्याविना असे धाडस केल्यास आगीचा धोका टाळता टाळता इमारत कोसळण्याचा धोका ओढवेल. जिना अरुंद असेल, तर वाहिनी बाहेरच्या भिंतीवरून न्यावी लागते आणि प्रत्येक मजल्यावर आत जोडणी द्यावी लागते. गच्ची भार पेलत नसेल, तर टाकी जमिनीखाली घेता येते. यांपैकी काय करावे, हे अग्निशमन अधिकारी आणि संरचना अभियंता यांनी एकत्र बसून ठरवावे. संस्थेने खर्चाचे अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेपुढे ठेवून काम टप्प्याटप्प्याने, परंतु निश्चित मुदतीत पुरे करावे. मुदतीवाचून केलेला संकल्प इतिवृत्तातच राहतो, हा सर्वांचा अनुभव आहे.

मुंबईसारख्या शहरातील जुन्या, लाकडी जिन्यांच्या चाळी व इमारती १५ मीटरहून कमी उंचीच्या असल्या, तरी धोक्यापासून मुक्त नाहीत. ९ मे २०१५ रोजी काळबादेवी येथे एका जुन्या इमारतीला लागलेली आग विझविताना इमारतीचा भाग कोसळून मुंबई अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. अशा इमारतींत आग लहान असतानाच आटोक्यात आणण्यासाठी प्रत्येक मजल्यावर पाण्याची सोय असणे हे रहिवाशांइतकेच जवानांच्याही हिताचे आहे.

वाहिनी आहे, पाणी नाही

वाहिनी बसविली म्हणजे काम झाले, ही समजूत सर्वांत घातक होय. २२ ऑगस्ट २०१८ रोजी परळ येथील एका १७ मजली निवासी इमारतीस आग लागून चार जण मृत्युमुखी पडले. इमारतीतील अग्निशमन यंत्रणा बंद असल्याचे त्या वेळी आढळून आले. सरकारी इमारतीही आगीपासून सुरक्षित नाहीत, याची जाणीव २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीने करून दिली. त्या दुर्घटनेत पाच जणांचा अंत झाला.

यंत्रविद्येत पुढारलेल्या देशांतही अशीच उदाहरणे आढळतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ३८ मजली 'वन मेरिडियन प्लाझा' या कार्यालयीन इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर आग लागली. इमारतीत उभ्या वाहिन्या होत्या. परंतु त्यांवरील दाब नियंत्रित करणाऱ्या झडपा चुकीच्या जुळविल्या गेल्या होत्या. परिणामी जवानांच्या नोझलला पुरेसा दाब मिळाला नाही. वीजही गेली. तीन जवान मरण पावले आणि मजल्यामागून मजला जळत गेला. ती आग अखेर तिसाव्या मजल्यावर अडली, कारण त्या मजल्यावर छताला बसविलेले स्वयंचलित जलतुषार सुरू झाले. १८ ऑगस्ट २००७ रोजी न्यू यॉर्क शहरात पाडकाम चालू असलेल्या एका उंच इमारतीत आग लागली, तेव्हा तळघरात वाहिनीचा एक भागच काढून टाकलेला होता. वर चढलेल्या जवानांपर्यंत दीर्घकाळ पाणी पोहोचले नाही आणि दोघे जवान प्राणास मुकले. वाहिनी नसलेल्या इमारतीत जवान निदान आपला होज घेऊन चढतो. वाहिनी दिसते म्हणून तिच्या भरवशावर तो चढला आणि ती कोरडी निघाली, तर त्याची फसगत होते.

आपल्याकडील वाहिन्या कोरड्या का पडतात, याची कारणे गूढ नाहीत. उन्हाळ्यात पाणीटंचाई झाली की राखीव टाकीतले पाणी घरगुती वापरासाठी उपसले जाते. वाहिनी गळते म्हणून पंपाची कळ बंद केली जाते आणि ती पुन्हा सुरू करण्याचे राहून जाते. पितळी नोझल व झडपांच्या चाव्या चोरीस जातात. होजच्या पेटीत झाडू, रद्दी आणि पादत्राणे ठेवली जातात. सदनिकेच्या सजावटीत झडप लाकडी फळीआड झाकली जाते. आवारात फरशी घालताना बंबाची जोडणी देण्याचे तोंड बुजविले जाते, नाही तर त्यासमोर मोटार उभी राहते. यांतील एकाही गोष्टीवर मोठा खर्च नाही. कोणाचे तरी लक्ष असणे एवढेच आवश्यक आहे.

काही दोष मात्र रचनेतच टाळता येतात. नळाचे पाणी प्रथम आगीच्या राखीव टाकीत यावे आणि ती भरून वाहिल्यावर घरगुती टाकीत जावे, अशी व्यवस्था केल्यास राखीव साठा सदैव पूर्ण राहतो आणि पाणी साचून खराबही होत नाही. आगीच्या पंपाची वीजजोडणी इमारतीच्या मुख्य कळीच्या आधीच वेगळी काढावी, म्हणजे आगीच्या वेळी इमारतीची वीज तोडली तरी पंप चालू राहतो.

सहामाही दाखला

या दक्षतेला कायद्याने एक नियमित रूप दिले आहे. इमारतीतील आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत व कार्यक्षम असल्याचा परवानाधारक अभिकरणाचा दाखला मालकाने अथवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावयाचा असतो. 'नमुना ब' या नावाने तो ओळखला जातो. हा दाखला म्हणजे फायलीत लावण्याचा कागद, असे समजून तो मिळविला गेला, तर कायद्याचा हेतू विफल होतो.

दाखला खरा आहे किंवा कसे, हे पाहण्यास तांत्रिक शिक्षणाची जरुरी नाही. अभिकरणाचा माणूस तपासणीस येईल तेव्हा संस्थेच्या सचिवाने त्याच्यासमवेत गच्चीपर्यंत जावे. सर्वांत वरची झडप उघडण्यास सांगावे. पाणी आले का, किती वेळात आले आणि दाबमापकाचा काटा कोठे स्थिरावला, हे पाहून त्याची वहीत नोंद करावी. वीज बंद करवून डिझेल पंप सुरू होतो की नाही, ते पाहावे. होज उलगडून त्यास भेगा नाहीत ना, याची खात्री करावी. एका सकाळच्या या कामातून वर्षानुवर्षांच्या गृहीत धरलेल्या गोष्टी उघड होतात.

शाळा, कार्यालये आणि पंचायती

या कामी शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना करण्याजोगे पुष्कळ आहे. बहुमजली कार्यालयाच्या प्रमुखाने आपल्या इमारतीचा मागील दाखला कोणत्या तारखेचा आहे, हे आजच विचारावे. अभिलेखांच्या गठ्ठ्यांनी झडपा झाकल्या गेल्या असतील, तर त्या मोकळ्या करवाव्यात.

शाळेच्या मुख्याध्यापकांनी वर्षातून दोनदा तरी इमारत रिकामी करण्याची रंगीत तालीम घ्यावी. आपण राहतो त्या इमारतीत वाहिनी आहे का, पेटीत काय आहे आणि बंब आवारात येण्याची वाट मोकळी आहे का, हे विद्यार्थ्यांनी पाहून लिहून आणावे, असा गृहपाठ शिक्षकांना देता येईल. मात्र, झडपेला हात लावावयाचा नाही, हेही त्यांना बजावून सांगावे. मुलाने घरी विचारलेला प्रश्न पुष्कळदा नोटिशीहून अधिक परिणामकारक ठरतो.

शहरांच्या सीमेवरील ग्रामपंचायतींच्या हद्दीत आता सहा-सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. अग्निशमन सेवा हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे दिला आहे. ग्रामपंचायतींपाशी स्वतःचे अग्निशमन दल बहुधा नसते. शेजारच्या शहरातून किंवा औद्योगिक वसाहतीतून बंब येईपर्यंतचा वेळ अशा ठिकाणी अधिक लागतो, म्हणून तेथील इमारतीत स्वतःचे पाणी आणि स्वतःचा पंप असण्याची गरजही अधिक आहे. पंचायत सदस्यांनी नव्या इमारतीला मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे या बाबींची विचारणा करावी, बंब जाण्याजोगे रस्ते अतिक्रमणमुक्त ठेवावेत आणि गावातील विहिरी, तळी व टाक्या यांपैकी कोठून बंबात पाणी भरता येईल, याची यादी नजीकच्या अग्निशमन केंद्राकडे देऊन ठेवावी.

शासन कायदा करू शकते, तपासणी करू शकते आणि कसूर करणाऱ्याला शिक्षा देऊ शकते. प्रत्येक जिन्यातील प्रत्येक झडपेवर पहारा ठेवणे मात्र शासनाला शक्य नाही. ते काम त्या जिन्याने रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांचेच आहे. येत्या जुलैत दाखल्याची वेळ येईल, तेव्हा प्रत्येक संस्थेच्या, शाळेच्या आणि कार्यालयाच्या गच्चीवर एक झडप उघडली जावी आणि तिच्यातून पाणी यावे, एवढे जरी घडले, तरी हा सप्ताह सार्थकी लागला असे म्हणता येईल.